संगणक मध्येच बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो: कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

चालू संगणक अचानक बंद पडणे ही ऐकायला एकच तक्रार असली, तरी तिच्यामागे अनेक निरनिराळे बिघाड असू शकतात आणि त्यांतील प्रत्येकाची वागण्याची तऱ्हा वेगळी असते. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी आपल्या यंत्रात नेमके काय घडते ते पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावे. पुढील लक्षणांपैकी कोणते आपल्याकडे दिसते?

- वीज गेल्याप्रमाणे पडदा, पंखे आणि दिवे एका क्षणात बंद होतात. कोणताही संदेश दिसत नाही.
- संदेश असलेला निळा पडदा क्षणभर दिसतो आणि संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसू लागला आहे; पुढे दोन्हींना निळा पडदाच म्हटले आहे.
- पडद्यावरील चित्र गोठते, माउसचा बाण हलत नाही, पण पंखे फिरत राहतात. अखेर बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागते.
- एरवी सगळे ठीक असते, पण खेळ किंवा व्हिडिओ संपादन अशा जड कामात संगणक बंद पडतो. लगेच सुरू केल्यास तो आणखी लवकर बंद पडतो आणि काही वेळ थांबल्यास नीट चालतो.
- बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांतच यंत्र बंद होते.
- पडदा काळा होतो, पण कॅबिनेटवरील दिवा मंदपणे लुकलुकत राहतो.

सर्वांत आधी बॅकअप

कारण कोणतेही निघो, असे अवचित बंद पडणे फायलींना घातक असते. आपण लिहीत असलेला मजकूर प्रथम रॅममध्ये असतो आणि रॅम वीज असेपर्यंतच माहिती धरून ठेवते. तो मजकूर सेव्ह केल्यावर हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर उतरतो आणि वीज गेल्यावरही टिकतो. लिहिण्याचे हे काम अर्धवट असताना वीज तुटली, तर उघडलेली फाइलच नव्हे, तर फायलींची नोंद ठेवणारी व्यवस्थासुद्धा बिघडू शकते. यासाठी संगणक चालत आहे तोपर्यंत महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि मगच पुढच्या तपासणीला लागावे.

खरा प्रश्न

अशी यंत्रे पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, सुटे भाग बदलण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवलेच पाहिजे: संगणकाला कोणी बंद केले, की त्याची वीजच तुटली? प्रोसेसर, रॅम, डिस्क, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस हे हाताला लागणारे भाग म्हणजे हार्डवेअर, तर या भागांना काय करायचे ते सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम हे त्यातील मुख्य सॉफ्टवेअर होय. ऑपरेटिंग सिस्टिमला धोका जाणवला, तर ती स्वतः काम थांबवते, संदेश दाखवते आणि शक्य झाल्यास कारणाची नोंद ठेवते. वीज तुटली, तर तिला यांपैकी काहीच करता येत नाही. निळा पडदा आणि संदेशाविना बंद पडणे यांतला फरक हाच आहे, आणि त्यावरून पुढची वाट ठरते.

हे उत्तर न मिळवता विंडोज नव्याने टाकणे किंवा थेट नवा एसएमपीएस बसवणे हे दोन्ही उपाय मी फार वेळा फसलेले पाहिले आहेत. पहिल्यात वेळ आणि फायली जातात, दुसऱ्यात पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

काहीही न उघडता होणाऱ्या तपासण्या

दिवा लुकलुकत असेल, तर तो बहुधा बिघाड नसतो. संगणक झोपेच्या अवस्थेत गेलेला असतो आणि कळफलकावरील एखादी कळ दाबल्यावर जागा होतो. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झोपेचा कालावधी वाढवावा. त्याचप्रमाणे संगणक फक्त रात्री, किंवा आपण जवळ नसतानाच पुन्हा सुरू होत असेल, तर विंडोज अपडेटकडे पाहावे. अपडेटच्या सेटिंगमध्ये आपल्या कामाचे तास नोंदवता येतात, म्हणजे त्या वेळेत संगणक अपडेटसाठी आपोआप पुन्हा सुरू होत नाही.

त्यानंतर विजेची वाट भिंतीपासून तपासावी. संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरचा स्विच बंद करावा, कॅबिनेटच्या मागील केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि एक्स्टेन्शन बोर्ड किंवा यूपीएस मध्ये न घेता संगणक थेट भिंतीवरील अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडून पाहावा. ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण ती टाळू नये. ढिल्या सॉकेटमधील संपर्क क्षणभर तुटला तरी संगणकाच्या दृष्टीने ती वीज जाणेच असते. यूपीएसमधील शिशाची बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांत क्षीण होते. अशी बॅटरी असलेल्या यूपीएसवर एरवी संगणक चालतो, मात्र मुख्य वीज पापणी लवण्याइतकी हलली की यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरीला भार पेलवत नाही आणि संगणक बंद पडतो. थेट जोडल्यावर तक्रार थांबली, तर दोष संगणकाबाहेरचा आहे. प्लग किंवा सॉकेट काळवंडलेला दिसला, गरम लागला किंवा जळका वास आला, तर मात्र ते सॉकेट वापरणे लगेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

विंडोजची नोंदवही वाचणे

विंडोज महत्त्वाच्या घटनांची नोंद ठेवते. स्टार्टच्या शोधपेटीत ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधल्यास दिवसवार तक्ता उघडतो. त्यात बंद पडण्याच्या दिवशी लाल खूण दिसते आणि त्याआधी कोणता प्रोग्राम, ड्रायव्हर (सुट्या भागाला विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) किंवा अपडेट टाकला गेला हेही दिसते. तक्रार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काही नवे टाकलेले असेल, तर संशयाची सुई तिकडे वळवावी.

अधिक बारकाईने पाहायचे असल्यास ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातील सिस्टिम विभाग पाहावा. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी गंभीर म्हणून दाखवलेली नोंद बहुतेकांना सापडते आणि हेच कारण असावे असा समज होतो. ती कारण नव्हे, परिणाम आहे. मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो, एवढेच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर त्या नोंदीतून सांगते. उपयोगाची माहिती तिच्या तपशिलात असते. तेथील ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर निळ्या पडद्याची नोंद होऊ शकलेली नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली, यंत्र पूर्ण गोठले किंवा बटण दाबून बंद केले गेले. तो आकडा शून्याहून वेगळा असेल, तर विंडोजने स्वतः काम थांबवले आहे. ‘१०७४’ क्रमांकाची नोंद मात्र एखाद्या प्रोग्रामने किंवा वापरकर्त्याने रीतसर बंद किंवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली होती असे सांगते, आणि कोणी दिली हेही त्यात लिहिलेले असते.

निळा पडदा वाचता येण्याआधीच निघून जात असेल, तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण काढून टाकावी. मग पडदा तसाच थांबतो आणि त्यावरील संकेताचे मोबाइलने छायाचित्र घेता येते. दोन-तीन वेळचे संकेत मिळवावेत. दर वेळी एकच संकेत आणि एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर दोष सॉफ्टवेअरकडे झुकतो. दर वेळी निराळाच संकेत येत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा, कारण सदोष रॅम ज्या कोणत्या प्रोग्रामच्या वाट्याला येईल तो कोसळतो. ‘व्हेआ अनकरेक्टेबल एरर’ हा संकेत हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुकीचा असतो.

सीमारेषा ठरवणारी चाचणी

माझ्या मते संपूर्ण क्रमातील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, कारण तिला काही खर्च येत नाही आणि तिच्यामुळे निम्मे तर्क गळून पडतात. विंडोज बाजूला ठेवून संगणक चालवायचा आणि तो तरीही बंद पडतो का ते पाहायचे.

सोपा प्रकार असा: संगणक सुरू होताच निर्मात्याने ठरवलेली कळ, बहुधा डिलीट किंवा एफ२, दाबून बायोसच्या पडद्यावर जावे आणि काहीही न बदलता संगणक तसाच अर्धा-पाऊण तास राहू द्यावा. बायोस हे मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेले प्राथमिक सॉफ्टवेअर आहे आणि ते विंडोज सुरू होण्याआधीच चालते. येथेही संगणक बंद पडला, तर विंडोज, ड्रायव्हर आणि व्हायरस हे तिन्ही निर्दोष ठरतात. मात्र बायोसमध्ये नीट राहिला म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण त्या पडद्यावर यंत्रावर भार जवळजवळ नसतो.

त्याहून चांगली कसोटी म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजहून वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणे. उबंटूसारखी सिस्टिम पेन ड्राइव्हवर उतरवून, इन्स्टॉल न करता, केवळ वापरून पाहण्याचा पर्याय निवडता येतो. पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरील जुनी माहिती पुसली जाते, आणि चुकून इन्स्टॉलचा पर्याय निवडून पुढे गेल्यास संगणकाच्या डिस्कवरील माहितीही जाऊ शकते, म्हणून पडद्यावरील प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचावा. या लिनक्समध्ये काही तास व्हिडिओ पाहावेत आणि नेहमीसारखे काम करावे. विंडोजमध्ये तासाभरात बंद पडणारा संगणक येथे दिवसभर टिकला, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधावा. येथेही बंद पडला, तर विंडोजवर आणखी वेळ घालवू नये.

दोष सॉफ्टवेअरमध्ये आढळल्यास

ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादा सुटा भाग यांच्यातील दुभाषा असतो आणि त्याला सिस्टिमच्या गाभ्यात काम करण्याची मुभा असते. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद होतो, पण गाभ्यात चालणारा ड्रायव्हर चुकला तर संपूर्ण सिस्टिमला थांबावे लागते. याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. त्या यंत्रांचा एकही भाग खराब झालेला नव्हता.

म्हणून तक्रार सुरू होण्याच्या सुमारास बदललेला ड्रायव्हर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘रोल बॅक’ वापरून पूर्वीच्या आवृत्तीवर न्यावा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर संशयित असेल, तर तो काढून टाकून कार्ड निर्मात्याच्या अधिकृत पानावरून नव्याने घ्यावा. ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचा दावा करणारे त्रयस्थ प्रोग्राम वापरू नयेत. चुकीच्या भागासाठी चुकीचा ड्रायव्हर बसवून त्यांनी मूळ बिघाडात भर घातलेली मी पाहिली आहे. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालत असतील, तर एक काढावा. हे करून फरक न पडल्यास ‘सिस्टिम रिस्टोअर’ने तक्रारीपूर्वीच्या तारखेला परतावे आणि विंडोज नव्याने टाकण्याचा विचार त्यानंतरच करावा.

उष्णता आणि धूळ

जड कामात बंद पडणे आणि थंड झाल्यावर पूर्ववत चालणे हे उष्णतेचे ठळक लक्षण आहे. बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या मर्यादेशी पोहोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान आवरले नाही, तरच स्वसंरक्षणासाठी यंत्र बंद करतो. म्हणजे उष्णतेमुळे बंद पडणारा संगणक त्याआधी काही काळ मंद झालेला असतो. तसे जाणवले होते का, हे आठवून पाहावे. बायोसमध्ये तापमान दिसते, तर ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम ते काम चालू असताना दाखवतो. काहीही विशेष चालू नसताना आकडा ८०च्या वर असेल, तर हवा खेळत नाही किंवा प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, नीट टेकलेला नाही.

सफाईसाठी संगणक बंद करून केबल काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे भागांमध्ये उरलेली वीज बरीचशी निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवेचा झोत मारावा, कारण झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. झाकण उघडलेलेच आहे, तर संगणक पुन्हा सुरू करून सगळे पंखे फिरतात का तेही पाहावे. चालू यंत्रात मात्र हात घालू नये.

पंखा फिरत असूनही तापमान झपाट्याने चढत असेल, तर हीटसिंकची पकड तपासावी. खुंट्या दाबून बसवण्याच्या हीटसिंकमध्ये चारांपैकी एक खुंटी सुटलेली असणे नेहमीचे आहे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातील थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली असल्यास ती बदलण्याचे काम नवशिक्याने जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. काही प्रोसेसरांना पिना असतात, आणि हीटसिंक सरळ वर ओढल्यास वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. लॅपटॉपमध्ये तर हे काम बहुतांश वेळा व्यावसायिकाकडेच द्यावे.

रॅम आणि डिस्क

रॅमवर संशय असेल, तर आधी बायोसमधील सेटिंग मूळ पदावर आणावीत. रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त चालवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू असेल, तर ते बंद होते, आणि कित्येकदा तक्रार तेथेच मिटते. त्यानंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे, किंवा पेन ड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालू ठेवावे. एकही चूक दिसली तरी ती दुर्लक्षू नये, कारण रॅममध्ये क्षम्य चूक असा प्रकार नसतो. दोन पट्ट्या असतील, तर वीज तोडून एकेक पट्टी मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवावी आणि चाचणी वेगवेगळी घ्यावी. दोन्ही बाजूंच्या खटक्या लागेपर्यंत पट्टी दाबावी. अर्धवट बसलेली पट्टी पाहताना बसलेली वाटते, पण तिचे सर्व संपर्क टेकलेले नसतात.

डिस्कच्या दोषाने संगणक सहसा एका क्षणात बंद होत नाही. तो गोठतो, फायली उघडायला फार वेळ घेतो किंवा सुरूच होत नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ ती वाचून दाखवते. तेथे सावधगिरीचा इशारा आला, तर बॅकअप पूर्ण करून डिस्क बदलावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा लयबद्ध आवाज येत असेल आणि आतील माहितीचा बॅकअप नसेल, तर त्याच क्षणी संगणक बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यातच उरलेली माहिती नष्ट होते.

बटण आणि एसएमपीएस

चार-पाच सेकंदांत बंद होणाऱ्या संगणकात कॅबिनेटवरील पॉवर बटण आत अडकलेले असू शकते. हे बटण सुमारे चार सेकंद दाबून धरल्यास यंत्र सक्तीने बंद होते, आणि अडकलेले बटण मदरबोर्डला तशीच आज्ञा देत राहते. संगणक चालू होताच या बटणाची छोटी वायर मदरबोर्डवरून अलगद काढता येते आणि मग यंत्र चालू राहिले, तर दोष बटणाचा ठरतो, पण चालू बोर्डावर हात नेण्याची सवय नसेल, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. बटण साफ करून मोकळे करणे नवशिक्यालाही जमते.

सर्वांत शेवटी एसएमपीएस. तो घरातील वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यात बदलतो. जुना किंवा अपुऱ्या क्षमतेचा एसएमपीएस हलक्या कामात टिकतो, पण ग्राफिक्स कार्डने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज खाली घसरते किंवा त्याची संरक्षण यंत्रणा पुरवठा तोडते. तापमान ठीक, रॅम निर्दोष, बगचेक कोड शून्य आणि तरीही खेळ सुरू होताच यंत्र बंद, असे चित्र असेल तर त्याच्यावर संशय पक्का होतो. याची खात्रीशीर चाचणी एकच: चांगला चालणारा, पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे. तो लावताना त्याच्यासोबत आलेल्याच केबल वापराव्यात. सुट्या होणाऱ्या केबलींच्या एसएमपीएसकडील टोकांची जोडणी प्रत्येक मॉडेलमध्ये सारखी नसते, आणि जुन्या केबल नव्या एसएमपीएसला लावल्याने डिस्क व मदरबोर्ड जळू शकतात.

येथे थांबावे

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांमध्ये, शेकडो व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो आणि त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, जळाल्याचा वास आला किंवा ठिणगी दिसली, तर यंत्र पुन्हा सुरू करू नये. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला असेल किंवा खालचे झाकण उचललेले असेल, तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि तो तसाच सेवा केंद्रात न्यावा. वॉरंटी शिल्लक असेल, तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. वरील सर्व तपासण्या करूनही बिघाड सापडला नाही, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर उरतो. त्यांची शहानिशा करण्यासाठी जुळणारे सुटे भाग हाताशी लागतात, त्यामुळे हे काम व्यावसायिकाचेच आहे.

त्याच्याकडे जाताना आपण केलेल्या तपासण्यांची यादी, निळ्या पडद्याची छायाचित्रे आणि बंद पडण्याच्या वेळा सोबत न्याव्यात. डिस्क विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केलेली असल्यास तिची रिकव्हरी की आधी शोधून घरी जपून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ती मागते आणि ती नसेल तर आपल्याच फायली आपल्याला उघडता येत नाहीत.